सणासुदीचा पैसा आणि प्राप्तिकर : प्रथमच विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंतच्या काळात बहुतेक घरांचा वर्षातला मोठा खर्च होतो आणि त्याच काळात पगाराखेरीज जादा पैसाही हाती येतो. बोनस मिळतो, भाऊबीज मिळते, जुना दागिना मोडला जातो, फराळाच्या ऑर्डरी येतात. प्रथमच विवरणपत्र भरणारी माणसे मला विचारतात, की सणात एवढा खर्च झाला, तर त्याची करात काही सूट मिळते का. घरखर्चाला, मग तो रोजचा असो वा सणाचा, प्राप्तिकरात वजावट मिळत नाही. कर लागतो तो आलेल्या पैशावर. खर्चाचा संबंध येतो तो मुख्यतः त्याच्या मागे राहणाऱ्या नोंदींमुळे, आणि या नोंदी आता प्राप्तिकर विभागापर्यंत आपोआप पोहोचतात. म्हणून सणाचा हिशेब मांडताना आधी आवक पाहावी आणि मग जावक.

येथे दिलेले दर आणि मर्यादा आर्थिक वर्ष २०२५-२६ साठीच्या, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळाच्या आहेत. त्या वर्षाला प्राप्तिकर अधिनियम १९६१ लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी प्राप्तिकर अधिनियम २०२५ हा नवा कायदा आला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे पुढील वर्षांचे गणित त्या त्या वर्षाचे दर पाहूनच करावे.

पायरी १ : सणाची वेगळी वही ठेवावी

शंभर पानी साधी वही पुरते. डाव्या पानावर आलेला पैसा आणि उजव्या पानावर मोठा खर्च लिहावा. आलेल्या प्रत्येक रकमेपुढे तारीख, देणाऱ्याचे नाव, त्याच्याशी असलेले नाते, पैसा रोख आला की यूपीआयने की धनादेशाने, आणि कशानिमित्त आला, हे लिहावे. यांतला नात्याचा रकाना नवख्या माणसाला अनावश्यक वाटतो. प्रत्यक्षात भेटींचा सगळा कर त्या एका रकान्यावर ठरतो, हे चौथ्या पायरीत दिसेल.

पायरी २ : बोनसचे गणित पूर्ण वर्षाच्या उत्पन्नात मिळवून करावे

कायद्यानुसार बोनसचा किमान दर ८.३३ टक्के आहे, म्हणजे बाराव्या हिश्श्याइतका, आणि कमाल दर २० टक्के आहे. तो कोणत्याही नावाने मिळाला तरी पगाराचाच भाग असतो आणि पूर्ण करपात्र असतो. बोनसवर काही वेगळ्या, चढ्या दराने कर आहे असा पुष्कळांचा समज आहे, तो बरोबर नाही. नोकरी देणारी संस्था वर्षभराच्या अंदाजित उत्पन्नावर कर काढते आणि तो महिन्यांत विभागून कापते. बोनसमुळे वर्षाचा अंदाज वाढला, की वाढलेल्या कराची कपात त्याच महिन्याच्या पगारातून होऊ शकते, आणि ते एकदम पाहिल्यावर बोनसच कापून घेतल्यासारखे वाटते.

प्राप्तिकराच्या जुन्या आणि नव्या अशा दोन करप्रणालींपैकी नवी घेतलेल्या पगारदारांनी मात्र एका ठिकाणी विशेष सावध राहावे. या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर कलम ८७ए खालील सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे १२,७५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर कर नाही. आता समजा, एखाद्याचा वर्षाचा पगार १२,६०,००० रुपये आहे आणि त्याला दुसरे उत्पन्न नाही. वजावटीनंतर ११,८५,००० रुपये उरतात, कर शून्य. दिवाळीला ४०,००० रुपये बोनस मिळाला, की करपात्र उत्पन्न १२,२५,००० होते आणि सवलतीची रेषा ओलांडली जाते. टप्प्यांच्या दराने, म्हणजे उत्पन्नाच्या प्रत्येक टप्प्याला लागणाऱ्या वेगवेगळ्या दराने, कर ६३,७५० रुपये येतो. परंतु रेषेपेक्षा किंचितच पुढे गेलेल्यांसाठी कायद्यात दिलासा आहे, त्यानुसार कर १२ लाखांवरच्या रकमेपेक्षा, म्हणजे येथे २५,००० रुपयांपेक्षा, अधिक घेतला जात नाही. त्यावर ४ टक्के उपकर धरून २६,००० रुपये होतात. बोनस ४०,००० रुपयांचा आणि हाती उरले १४,००० रुपये, अशी ही स्थिती आहे. बचत खात्याचे आणि ठेवींचे व्याज याच बेरजेत येते, त्यामुळे पगार रेषेच्या आत असूनही केवळ व्याजामुळे माणूस पलीकडे जाऊ शकतो.

यावर नव्या प्रणालीत एक मार्ग उपलब्ध आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत नोकरी देणाऱ्या संस्थेने भरलेल्या रकमेची, मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत, वजावट मिळते. वरच्या उदाहरणातील व्यक्तीच्या पगारातले २५,००० रुपये संस्थेमार्फत तिकडे वळवले गेले, तर करपात्र उत्पन्न १२ लाखांवर थांबते. मात्र त्या योजनेतला पैसा प्रामुख्याने निवृत्तीपर्यंत अडकतो, हे समजून घेऊनच हा निर्णय करावा आणि त्यासाठी वेतन विभागाशी बोनसच्या महिन्याआधी बोलावे. मार्चमध्ये विचारून सहसा उपयोग होत नाही.

सणासाठी घेतलेली उचल हे उत्पन्न नव्हे, कारण ती फेडायची असते. बिनव्याजी उचल एकूण २०,००० रुपयांच्या आत असेल, तर तिच्या व्याजाच्या सवलतीवरही कर बसत नाही.

पायरी ३ : कार्यालयाकडून मिळालेल्या वस्तू

सुकामेव्याचा डबा, भांड्यांचा संच किंवा दुकानाचे गिफ्ट व्हाउचर अशा भेटींचे वर्षभरातील एकूण मूल्य ५,००० रुपयांच्या आत असेल, तर ते करपात्र नाही. रोख पाकिटाला ही सवलत लागू होत नाही. पाकीट ५०० रुपयांचे असले, तरी तो पगारच.

पायरी ४ : भेट कोणी दिली, ते पाहावे

या पायरीला थोडा अधिक वेळ द्यावा, कारण येथे मराठी घरातले नाते आणि कायद्यातले नाते एकसारखे नाही. नातेवाइकांकडून मिळालेल्या भेटीवर, ती कितीही मोठी असली, तरी कर नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या पैशांची बेरीज ५०,००० रुपयांपर्यंत असेल, तोवरही कर नाही. परंतु ती बेरीज ५०,००० च्या वर गेली, की केवळ वरची रक्कम नव्हे, तर पूर्ण रक्कम करपात्र होते.

नातेवाईक कोण, हे कायद्याने ठरवून दिलेले आहे. पती किंवा पत्नी, स्वतःचे भाऊबहीण, जोडीदाराचे भाऊबहीण, आईवडिलांचे भाऊबहीण म्हणजे काका, मामा, आत्या आणि मावशी, आपली आणि जोडीदाराची सरळ वंशातली वरची व खालची माणसे, आणि या सर्वांचे जोडीदार इतकीच ही यादी आहे. त्यामुळे भाऊबीजेला सख्ख्या भावाने दिलेले दोन लाख रुपये करमुक्त आहेत, पण मामेभावाने किंवा चुलतभावाने दिलेले साठ हजार रुपये पूर्ण करपात्र आहेत, घरात त्यालाही आपण दादाच म्हणत असलो तरी. याहून चकवणारी गोष्ट अशी, की नाते पैसे घेणाऱ्याच्या बाजूने मोजले जाते. काकांनी पुतण्याला पैसे दिले, तर काका हे पुतण्याच्या वडिलांचे भाऊ असल्यामुळे ती भेट करमुक्त आहे. त्याच पुतण्याने पुढे कमावता झाल्यावर दिवाळीला काकांना एक लाख रुपये दिले, तर काकांच्या यादीत पुतण्या येत नाही, म्हणून काकांना त्यावर कर भरावा लागतो. मला ही तरतूद अन्यायाची वाटते, परंतु कायदा आज तसा आहे आणि विवरणपत्र त्याप्रमाणेच भरले पाहिजे.

वस्तुरूप भेटींपैकी दागिने, सोनेचांदी, समभाग, चित्रे अशा ठरावीक गोष्टींनाच हा नियम लागतो आणि त्यांच्यासाठीची ५०,००० ची मर्यादा वेगळी मोजतात. मित्राने भेट दिलेला मोबाइल किंवा साडी या यादीत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. स्वतःच्या लग्नात मिळालेला आहेर, तो कोणाकडूनही असो, करमुक्त आहे. ही सवलत फक्त वधूवरांना आहे. त्यांच्या आईवडिलांच्या हाती परक्याने दिलेली मोठी रक्कम तिच्यात बसत नाही. मुंज, वास्तुशांत, वाढदिवस आणि दिवाळी यांना अशी वेगळी सूट नाही. एका प्रसंगानिमित्त एकाच व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख रक्कम घेण्यास मनाई असून तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो, म्हणून मोठा आहेर धनादेशाने किंवा बँकेतूनच घ्यावा.

पाडव्याची ओवाळणी ही आणखी एक नाजूक बाब. पतीने पत्नीला दिलेल्या तीन लाख रुपयांवर कर नाही. मात्र तिने त्यांची ७ टक्क्यांची मुदत ठेव केली, तर वर्षाचे २१,००० रुपये व्याज पतीच्या उत्पन्नात धरले जाते. ते व्याज पुन्हा गुंतवून त्यावर जे मिळेल, ते मात्र तिचे स्वतःचे उत्पन्न असते. ठेव पत्नीच्या नावे आहे म्हणून व्याज कोणीच दाखवत नाही, ही चूक मी दरवर्षी पाहतो.

पायरी ५ : मोड दिली असेल, तर ती विक्री म्हणून नोंदवावी

गेल्या दिवाळीत आमच्या घरी आईच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या मोडून नवा दागिना केला. सराफाच्या पावतीवर नव्या दागिन्याची किंमत २,७८,००० रुपये, त्याखाली ‘जुने सोने वजा’ २,४०,००० रुपये आणि शेवटी देय रक्कम ३८,००० रुपये होती. घरात सर्वांच्या लक्षात राहिले ते ३८,००० रुपयेच. प्राप्तिकराच्या दृष्टीने त्या दिवशी दोन व्यवहार झाले होते. आईने २,४०,००० रुपयांचे सोने विकले होते आणि २,७८,००० रुपयांचा दागिना विकत घेतला होता. सोन्यावरील ३ टक्के जीएसटीही नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर आकारला होता, फरकाच्या रकमेवर नव्हे.

सोने २४ महिन्यांहून अधिक काळ आपल्याकडे असेल, तर विक्रीवरचा नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो आणि त्यावर १२.५ टक्के कर लागतो. त्याहून कमी काळ असेल, तर नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवून टप्प्यांच्या दराने कर लागतो. भेट मिळालेल्या किंवा वारशाने आलेल्या सोन्याबाबत मूळ मालकाचा काळ आणि त्याची खरेदी किंमत धरायची असते. पाटल्या आईच्या लग्नातल्या, पावती कुठे सापडली नाही. परंतु १ एप्रिल २००१ पूर्वीच्या मालमत्तेसाठी त्या दिवशीचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येते. ते ९,००० रुपये धरले, तर नफा २,३१,००० रुपये होतो, कर २८,८७५ रुपये आणि उपकरासह ३०,०३० रुपये.

आईला तो भरावा लागला नाही. तिचे दुसरे उत्पन्न नगण्य आहे आणि नव्या प्रणालीतील चार लाखांच्या मूळ करमुक्त मर्यादेतून निवासी व्यक्तीला असा नफा वळता करता येतो. त्याच पाटल्या वारशाने माझ्या नावे आल्या असत्या आणि मी मोडल्या असत्या, तर माझी मूळ मर्यादा पगारानेच भरलेली असल्यामुळे ३०,०३० रुपये मला भरावे लागले असते. कलम ८७ए ची सवलत या विशेष दराच्या नफ्याला मिळत नाही. म्हणून पावती ज्याचा दागिना आहे, त्याच्याच नावे करून घ्यावी. घाईत ती जो दुकानात गेला त्याच्या नावे होते आणि पुढे मालकी सिद्ध करताना त्रास होतो.

दोन लाखांहून मोठ्या खरेदीला पॅन द्यावाच लागतो. विवाहित स्त्रीकडील ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीकडील २५० ग्रॅम आणि पुरुषाकडील १०० ग्रॅम हे आकडे घरोघरी मर्यादा म्हणून सांगितले जातात. ते १९९४ सालच्या सूचनेतले आहेत आणि झडतीत इतके दागिने जप्त करू नयेत एवढाच त्यांचा अर्थ आहे. स्रोत दाखवता येत असेल, तर सोने किती बाळगावे यावर त्यांचे बंधन नाही.

पायरी ६ : फराळ, कंदील, राख्या अशी हंगामी कमाई

दोन महिने घरून फराळाच्या ऑर्डरी घेणे हा कायद्याच्या भाषेत व्यवसाय आहे. लहान व्यावसायिकासाठी कलम ४४एडी खालील अनुमानित पद्धत सोपी आहे. या पद्धतीत बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि रोख आलेल्या रकमेच्या ८ टक्के इतके उत्पन्न धरता येते. हंगामात तीन लाखांची विक्री झाली, त्यांतले दोन लाख यूपीआयने आणि एक लाख रोख आले, तर १२,००० आणि ८,००० मिळून २०,००० रुपये उत्पन्न होते. प्रत्यक्ष नफा याहून अधिक असेल, तर अधिकच दाखवावा. तूप, डाळ, गॅस यांची वजावट मग वेगळी मागता येत नाही, ती या टक्केवारीतच आली असे समजतात. केवळ वस्तूंची विक्री असेल, तर महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची गरज नाही.

ऑर्डरीचे पैसे घरच्या नेहमीच्या खात्यात येऊ न देता त्यासाठी दुसरे बचत खाते वापरावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एका खात्यात भिशी, भाऊबीज आणि चकलीचे पैसे मिसळले, की सहा महिन्यांनी कोणती रक्कम कशाची, हे खुद्द करणारीलाही आठवत नाही.

पायरी ७ : सुट्टीतला प्रवास

नोकरीत रजा प्रवास सवलत मिळत असेल, तर तिची करमुक्ती केवळ जुन्या करप्रणालीत आहे. चार वर्षांच्या गटात दोन प्रवास धरले जातात. २०२२ ते २०२५ हा गट संपला असून त्यातला न वापरलेला एक प्रवास २०२६ मध्ये घेता येतो. सवलत फक्त भारतातल्या प्रवासभाड्याला आहे, हॉटेल आणि जेवणाला नाही, आणि त्यासाठी प्रत्यक्ष रजा घेतलेली असावी लागते.

परदेश सहलीचे पॅकेज घेताना दहा लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस वेगळा घेतला जातो. चार लाखांच्या सहलीवर तो २०,००० रुपये होतो. तो सहलीचा खर्च नाही, आपल्या नावे आधीच जमा झालेला कर आहे. तो विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. पगारदारांनी त्याचा तपशील वेतन विभागाला दिला, तर पुढच्या महिन्यांची करकपात तेवढी कमी करता येते. वर्षात परदेश प्रवासावर दोन लाखांहून अधिक खर्च केला असेल, तर तो स्वतःसाठी असो वा दुसऱ्या कोणासाठी, उत्पन्न करपात्र नसले तरीही विवरणपत्र भरणे बंधनकारक होते. निवृत्त आईवडिलांच्या सहलीचे पैसे त्यांच्याच खात्यातून गेले असतील, तर हे त्यांना लागू होते.

पायरी ८ : वर्गणी आणि सोडत

मंडळाच्या वर्गणीची वजावट, संस्थेला कलम ८०जी खालील मान्यता असेल तरच आणि जुन्या प्रणालीतच मिळते. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगी चालत नाही आणि संस्थेकडून फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचा दाखला, घ्यावा लागतो. दुकानाच्या भाग्यवान सोडतीतील बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर उपकर आहे. मूळ करमुक्त मर्यादा त्याला लागू नाही. मोटार बक्षीस लागली, तर कराची रक्कम आधी भरल्याशिवाय ती ताब्यात दिली जात नाही, एवढे लक्षात ठेवावे.

पायरी ९ : १५ डिसेंबरपूर्वी वही उघडावी

उगमस्थानी झालेली कपात, म्हणजे पैसे हाती येण्याआधीच कापलेला कर, वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक उरत असेल, तर अग्रिम कर भरावा लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण, असे त्याचे हप्ते आहेत. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येत असल्याने सोन्यावरचा नफा किंवा बक्षीस यांचा कर डिसेंबरच्या हप्त्यात भरला, तर आधीच्या हप्त्यांबद्दल व्याज लागत नाही. उशीर झाल्यास दरमहा १ टक्का व्याज आहे. अनुमानित पद्धत घेणाऱ्यांना पूर्ण रक्कम १५ मार्चपर्यंत एकदम भरता येते, आणि व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या साठ वर्षांवरील निवासी व्यक्तींना अग्रिम कर नाही.

कर संकेतस्थळावर भरताना आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी आकारणी वर्ष २०२६-२७ निवडायचे असते. येथे चुकीचे वर्ष निवडले, की पैसे भलत्या वर्षाच्या खाती जमा होतात आणि दुरुस्तीत बराच वेळ जातो.

पायरी १० : जूनमध्ये वही आणि वार्षिक माहिती विवरण समोरासमोर ठेवावे

नोकरी देणारी संस्था १५ जूनपर्यंत फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला, देते. त्यासोबत प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरून आपले वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उतरवून घ्यावे. ठेवींचे व्याज, टीसीएस, बचत खात्यांत वर्षभरात जमा केलेली दहा लाख किंवा अधिक रोकड आणि क्रेडिट कार्डाची वर्षातली दहा लाख किंवा अधिक देयके यांची माहिती विभागाकडे कळवली जाते. क्रेडिट कार्डाचे एक लाख किंवा अधिक बिल रोखीने भरले असेल, तर तेही कळवतात. कार्डावर घरातल्या चौघांची खरेदी झाली आणि त्यांनी आपापला वाटा नंतर परत दिला, तरी नोंद कार्डधारकाच्याच नावे होते, म्हणून ते परत आलेले पैसे वहीत लिहिलेले असावेत. खर्चाचा स्रोत समाधानकारकपणे सांगता आला नाही, तर तो खर्चच उत्पन्न मानून त्यावर अधिभार आणि उपकरासह ७८ टक्के कर लावण्याची तरतूद आहे.

एआयएसमधली एखादी नोंद आपली नसेल किंवा दोनदा आली असेल, तर तिच्यासमोरच अभिप्राय नोंदवण्याची सोय आहे, तो विवरणपत्र भरण्याआधी नोंदवावा. सोन्याची विक्री किंवा सोडतीचे बक्षीस असेल, तर विवरणपत्राचा आयटीआर-१ हा नमुना चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. पगाराबरोबर फराळाचे अनुमानित उत्पन्न असेल, तर आयटीआर-४ घ्यावा, आणि ही दोन्ही एकाच वर्षी असतील, तर आयटीआर-३.